डेबियनवरून ग्नोम काढल्यानंतरचे काही महिने

ग्नोम आणि एक्सएफसीई हे दोन डेस्कटॉप डेबियन या लिनक्सवर एकत्र ठेवले, की मेन्यूत दोन फाइल मॅनेजर, दोन टर्मिनल आणि दोन सेटिंग दिसू लागतात. मी एक्सएफसीईवर स्थिरावलो होतो, म्हणून ग्नोम काढलं. त्याला आता काही महिने झाले. मशीन व्यवस्थित चालतं, मेन्यू सुटसुटीत झाला आणि अपडेटची यादी आखूड झाली.

बरेच जण मेटापॅकेज काढतात आणि काम झालं असं समजतात. पण मेटापॅकेज म्हणजे कोणकोणती पॅकेजं बसवायची याची नुसती यादी असते. ती काढून बहुधा काही केबीच मोकळे होतात, डेस्कटॉप जागच्या जागी राहतो. खरा गाभा ग्नोम शेलमध्ये, म्हणजे पॅनेल आणि खिडक्या दाखवणाऱ्या भागात आहे, आणि खरी अडचणही तिथेच. जीडीएम, म्हणजे ग्नोमची लॉगिन स्क्रीन, याच शेलवर उभी आहे. शेल काढलं की तीही जाते. दुसरा डिस्प्ले मॅनेजर, म्हणजे लॉगिन स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम, नसेल, तर रीबूटनंतर समोर फक्त काळा कन्सोल येतो. म्हणून मी आधी लाइटडीएम हा दुसरा डिस्प्ले मॅनेजर बसवला, तो डिफॉल्ट केला, रीबूट करून एक्सएफसीईत लॉगिन होतंय याची खात्री केली, टाइमशिफ्टने सिस्टमचा स्नॅपशॉट (मागे परतता येईल अशी प्रत) घेतला आणि मगच शेलला हात लावला.

ॲप्टला, म्हणजे डेबियनच्या पॅकेजं बसवण्या-काढण्याच्या साधनाला, सिम्युलेट करायला सांगितलं, की काय काय जाणार ते काहीही न काढता दिसतं. ही यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचाच. विशेषतः ऑटोरिमूव्हच्या, म्हणजे आता कशालाच न लागणारी पॅकेजं आपोआप काढण्याच्या, आधी. नेटवर्क मॅनेजर त्या यादीत असू शकतो, आणि तो गेला तर चुकून गेलेलं पॅकेज परत आणायला वाय-फायच उरत नाही. मी तो ॲप्ट-मार्कने मॅन्युअल करून ठेवला, म्हणजे ऑटोरिमूव्ह त्याला हात लावत नाही. जीव्हीएफएसही तसंच. नावावरून ते ग्नोमचं वाटतं, पण एक्सएफसीईच्या थुनार या फाइल मॅनेजरमधला ट्रॅश, फोन आणि नेटवर्कवरचे फोल्डर त्याच्याच जोरावर चालतात. ग्नोम कीरिंगसुद्धा राहू दिलं, कारण क्रोमियमसारखे ब्राउझर सेव्ह केलेले पासवर्ड उघडण्याची किल्ली तिथे ठेवतात. या तीन गोष्टी राखल्या म्हणून पुढचे महिने शांतपणे गेले, असं माझं ठाम मत आहे.

पर्ज केलं, म्हणजे पॅकेज त्याच्या सिस्टममधल्या सेटिंगसकट काढलं, तरी होम फोल्डरमधल्या सेटिंगना ॲप्ट हात लावत नाही. त्या मी मुद्दाम तशाच ठेवल्या. जागा किरकोळ खातात, आणि उद्या ग्नोम परत बसवलं तर कामाला येतील.

काय काढलं त्याची तारीखवार नोंद ॲप्टच्या हिस्टरी लॉगमध्ये राहते. सिस्टम नीट चालत असली तरी ती वेगळी जपून ठेवावी, कारण जुने लॉग कालांतराने पुसले जातात.

एक गोष्ट मात्र सतत सांभाळावी लागते. एखादं ॲप बसवताना रेकमेंडेड, म्हणजे सोबत सुचवलेल्या, पॅकेजांच्या वाटेने ग्नोमचे तुकडे पुन्हा आत येतात. त्यामुळे हल्ली काढताना जशी यादी वाचतो, तशीच बसवतानाही वाचतो, आणि ती फारच लांबली तर रेकमेंड्स बंद करून बसवतो.