पडद्यावर सोनं, खाली पत्रा

मेटल डिटेक्टर घ्यायला कुणी निघालं असेल, तर विकणाऱ्याला आधी सांगा की स्क्रीनवर रुमाल टाक आणि आवाज मोठा कर. तो का-कू करायला लागला तर चहा पिऊन परत या. आमच्या घरातले 85,000 रुपये कसे गेले ते नीट लिहितोय, कारण तेच मशीन, तोच व्हिडिओ आता आमच्या पाहुण्यांच्या मोबाइलवर फिरायला लागलाय.

आमचं रान कोरेगाव तालुक्यात. आल्याच्या काढणीत वहिनींचं मंगळसूत्र तुटलं आणि वाट्या-मणी मातीत गेले. बायकांनी सऱ्या हातानं चाळल्या, काही लागलं नाही. शिवाय पाइपलाइनचा एक लोखंडी व्हॉल्व्ह बांध सरकल्यावर गाडला गेला होता, त्याचीही पंचाईत होतीच. अशात भावाच्या मोबाइलवर तो व्हिडिओ आला. एक माणूस माळावर मशीन फिरवतोय, स्क्रीनवर जमिनीच्या आतला रंगीत फोटो उमटतोय, आणि त्यात पिवळाधमक हंडा.

मशीन विकणाऱ्याचा साताऱ्यात एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर गाळा होता. बाहेर पाटी नाही. आत प्लास्टिकच्या टबात वाळू भरलेली आणि त्यात त्यानं अंगठी, चांदीचं नाणं, घोड्याचा नाल पुरलेला. मशीन फिरवलं की स्क्रीनवर ‘गोल्ड’, ‘सिल्व्हर’, ‘आयर्न’ अशी अक्षरं मोठाली यायची, शेजारी चित्र. एकदाही चुकलं नाही. भावानं विचारलं, “आवाज कसा काय येत नाही?” त्यावर तो हसला. “साहेब, आवाज जुन्या मशीनला. कानाला हेडफोन लावून टूं-टूं ऐकत बसायचे दिवस गेले. आता थेट फोटो येतो, पोरगंसुद्धा वापरंल.”

सगळी मेख त्या एका वाक्यात होती.

पुढचं नेहमीसारखंच. किंमत दीड लाख, पण शेतकऱ्याला सवलत. निम्मे फोनवरून, निम्मे रोख, म्हणजे जीएसटी वाचेल. बिलावर मेटल डिटेक्टरचं नावच नाही, नुसतं ‘कृषी अवजार’. वर भेट म्हणून एक फिरती अँटेना, जी म्हणे लांबवरनं सोन्याची दिशा दाखवते. मधूनमधून गुप्तधनाच्या गोष्टीही पेरत होता: अमक्या गावात वाड्याच्या भिंतीत काय निघालं, तमक्या गडाखाली काय. (1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत पुरलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय कुदळ मारली तर गुन्हाच. हे तो सांगत नाही.)

रानात आणलं आणि मशीन पिसाळलं. सरीत गोल्ड, बांधावर गोल्ड, गोठ्याच्या दारात गोल्ड. खणलं की औषधाच्या बाटलीचं झाकण, गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद, पत्र्याचा तुकडा, नाहीतर नुसती माती. फोन केला तर म्हणाला, “तुमच्या रानात पूर्वजांचं काहीतरी आहे, खोल जा.” पुन्हा केला तर म्हणाला, जमीन भारी आहे, तिला ‘प्रो सॉफ्टवेअर’ लागतं, 15,000 पाठवा. ते पाठवले नाहीत, कारण तोवर तात्या आले होते.

तात्या आमच्या भावकीतले. लष्करातनं, खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअर तुकडीतनं निवृत्त, नोकरीत सुरुंग शोधायचं काम केलेलं. त्यांनी मशीन हातात घेतलं आणि पहिला प्रश्न केला, “हेडफोनचं भोक कुठाय रं?” भोक होतं, पण एम-सीलनं बुजवून वर चकचकीत स्टिकर लावलेला. मग वहिनींची अंगठी घेतली, सगळ्यांना पाठ करून उभं केलं आणि धाकट्या पुतण्याला सांगितलं, झाकणाच्या एकसारख्या प्लास्टिकच्या डब्यांतल्या एकात ठेव, कुठल्यात ते कुणाला कळू देऊ नको. स्क्रीननं रिकाम्या डब्यावर सोनं दाखवलं आणि अंगठीच्या डब्यावर ‘कॅव्हिटी’, म्हणजे पोकळी.

उघडायच्या आधी तात्यांनी व्हिडिओ चालू करायला लावला. कोरेगावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर स्क्रू निघाले. आत दोन वेगवेगळी दुकानं होती. खाली एक साधं, स्वस्तातलं परदेशी डिटेक्टरचं सर्किट, जमिनीवर फिरवायच्या चकतीला नीट जोडलेलं. वर स्क्रीनचं वेगळं सर्किट, त्याची वेगळी बॅटरी. दोघांमध्ये एकही तार नाही. स्क्रीनच्या सर्किटातनं एक तार मात्र मुठीच्या खाली गेलेली, तिथं रबराखाली बारीक बटण. टबावर फिरवताना विकणाऱ्याचं बोट तिथंच असायचं. त्याला काय कुठं पुरलंय ते माहीत होतं. आम्ही बटण न दाबता फिरवलं की स्क्रीन मनाला येईल ते दाखवायची. आणि स्पीकरची तार कापलेली, कारण खालचं सर्किट खरं बोलणारं होतं. पडदा ‘सोनं’ म्हणतोय आणि आवाज ‘खिळा’ म्हणतोय, असं झालं असतं तर गाळ्यातच बोंब झाली असती.

भेट म्हणून दिलेल्या अँटेनात तर बॅटरीसुद्धा नव्हती. असल्या दांड्या नवीन नाहीत. ब्रिटनच्या जेम्स मॅककॉर्मिकनं गोल्फचे चेंडू शोधायच्या खेळण्याचा ‘एडीई 651’ नावाचा बॉम्बशोधक करून इराकला विकला, नाक्यांवर सैनिक तो घेऊन उभे राहिले. 2013 मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. हातातली मोकळी दांडी मनगटाच्या न जाणवणाऱ्या हालचालीनं फिरते आणि धरणाऱ्याला वाटतं तीच ओढतेय.

दुरुस्तीवाल्यानं स्पीकरची तार जोडून दिली. मग तात्यांनी रानात ऐकून दाखवलं.

चकतीत तारेची दोन वेटोळी असतात. एक जमिनीत बदलतं चुंबकी क्षेत्र सोडतं, त्यानं धातूत प्रवाह फिरतो, आणि त्या प्रवाहाचं क्षेत्र दुसरं वेटोळं पकडतं. ते किती जोरात आणि किती उशिरानं आलं, एवढंच मशीनला कळतं. चांगल्या मशीनच्या पडद्यावर जो आकडा येतो तो त्या उशिराचा. लोखंडाचा आकडा कमी, तांब्या-चांदीचा जास्त, आणि मधे सगळी खिचडी: पातळ सोन्याची अंगठी, गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद, थंड पेयाच्या डब्याची कडी. या सगळ्यांचा आकडा एकच येऊ शकतो. त्यामुळे खाली सोनंच आहे असं नाव लिहून सांगणारं मशीन कुणी विकत असेल तर तो खोटं बोलतोय, ते कितीही महाग असू दे. अंगठीएवढी वस्तू अशा मशीनला वीतभर, फार तर फूटभर खोलीवर कळते. वीस फुटांवरचा हंडा हे निव्वळ थोतांड.

आकडा पडद्यावर यायला मशीनला क्षणभर हिशोब करावा लागतो, आणि वस्तू खोल असली की तो आकडा उड्या मारतो किंवा येतच नाही. आवाज मात्र चकतीबरोबर लगेच येतो. मोटारीच्या आवाजावरनं बेअरिंग गेलंय का ते वायरमन ओळखतो, तसंच हे. तात्यांनी मातीत एक नाणं आणि दोन बोटं सोडून खिळा पुरला. खिळ्यावर घोगरा, मग लगेच बारीक उंच टिपका, पुन्हा घोगरा. “आकड्याच्या नादाला लागलास तर ह्यो लोखंड म्हणून सोडशील,” तात्या म्हणाले. “मधला टिपका ऐक.” मग चकती नव्वद अंशातनं फिरवली. एकट्या खिळ्याचा आवाज दिशा बदलली की तुटतो, नाण्याचा बहुतेक तसाच गोल राहतो. गंजलेली वॉशर कानालाही फसवते, हेही त्यांनीच सांगितलं.

आपल्या जमिनीचा प्रश्न वेगळा. काळी माती आणि मुरूम दोन्ही बेसाल्टच्या झिजेतनं आलेले, त्यात चुंबकी खनिज भरपूर, म्हणून मशीन धातू नसतानाही कुरकुरत राहतं. चकती धातू नसलेल्या जागी वर-खाली करून मशीन जमिनीशी जुळवून घ्यावं लागतं. दगडाची कुरकुर आणि धातूचा आवाज यातला फरक कान थोड्या सवयीनं ओळखतो. टबातल्या वाळूवर ही अडचण फारशी येत नाही, म्हणून डेमो नेहमी टबात.

पडदा वाईट नसतो. उथळ वस्तूला तो मदत करतो, नवख्याला धीर देतो. पण चांगल्या मशीनला हेडफोनचं भोक असतं आणि ते उघडं असतं. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या युझेफ कोसात्स्कीनं बनवलेला सुरुंगशोधक 1942 मध्ये अल अलामीनला वापरला गेला, तोही हेडफोननंच ऐकायचा. तात्यांच्या मते पडदा विकायला सोपा, कारण फोटोला उलट प्रश्न विचारता येत नाही.

व्हॉल्व्ह सापडला. ट्रॅक्टरची पिन आणि रोटाव्हेटरच्या पात्यांचे तुकडेही निघाले. मंगळसूत्र नाही. सुटे बारीक मणी आणि पातळ साखळी हे कुठल्याही डिटेक्टरला सगळ्यात अवघड, कारण साखळीची प्रत्येक कडी मशीनला सुटी, बारीकशी वस्तू वाटते. विकणाऱ्याला आम्ही सुरुवातीलाच मंगळसूत्र हरवल्याचं सांगितलं होतं आणि त्यानं “शंभर टक्के” म्हटलं होतं.

आता पुढचं. पोलीस ठाण्यात फसवणुकीचा अर्ज दिलाय, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. फोनवरून गेलेल्या पैशांसाठी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवायचं असतं, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात गेलेली असते. ग्राहक आयोगात 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. माहिती हवी असेल तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन. रोख दिलेल्या पैशांची पावती नसल्यानं आमची तिथंच ओढाताण होणार आहे, म्हणून रोख देऊच नका.

मशीन ज्यांच्याकडे आहे त्यांनी आधी हेडफोनचं भोक बघा. बुजलेलं असेल तर घरी स्क्रूड्रायव्हर लावू नका. दोन साक्षीदार, एक दुरुस्तीवाला आणि चालू व्हिडिओ, असंच उघडा. नाहीतर समोरचा म्हणतो, तार तुम्हीच कापली.