टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर : डिप कोटिंग की स्पिन कोटिंग?

सॉल-जेल पद्धतीने, म्हणजे सॉल नावाचे द्रावण काचेवर पसरवून, वाळवून व तापवून, काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवून त्याचे प्रकाशीय गुणधर्म मोजायचे ठरवले, की थर डिप कोटिंगने (काच सॉलमध्ये बुडवून वर ओढून) चढवावा की स्पिन कोटिंगने (काचेवर सॉल टाकून ती वेगाने फिरवून), हे आधी ठरवावे लागते. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडपासून केलेले सॉल दोन्हींना चालते.

डिपमध्ये काच जितक्या वेगाने वर ओढावी तितका थर जाड बसतो. स्पिनमध्ये फिरण्याचा वेग वाढवला की तो पातळ होतो. काच मोठी किंवा वक्र असेल, तर डिपच घ्यावे लागते. मात्र त्यात दोन्ही बाजू माखतात आणि मोजमापात नेमके हेच नडते. थराचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती मंदावतो व वळतो याचे माप) २.१ व जाडी सुमारे ६५ नॅनोमीटर धरली, तर ५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा सुमारे २४ टक्के प्रकाश थर दिलेल्या बाजूवरून परावर्तित होतो, कोऱ्या बाजूवरून जेमतेम ४ टक्के. एकाच बाजूला थर असताना काचेतून सुमारे ७४ टक्के प्रकाश पार जातो, दोन्हीकडे असताना साधारण ६१ टक्केच. ही घट शोषणाची समजली, तर पुढचे सगळे गणित चुकते. म्हणून मागची बाजू ओली असतानाच पुसून घ्यावी. स्पिनमध्ये ही अडचण येत नाही, पण चौकोनी काचेच्या कोपऱ्यांत थर जाड राहत असल्याने प्रकाशाचा झोत मध्यभागीच पडू द्यावा.

खरे तर पद्धतीपेक्षा थर ज्या भट्टीत तापवतात तिचे तापमान अधिक निर्णायक ठरते, हे मी आग्रहाने सांगेन. ४५० ते ५०० अंश सेल्सिअसला साधारणतः अ‍ॅनाटेज हे टायटॅनियम डायऑक्साइडचे स्फटिकरूप तयार होते, पण थरात सूक्ष्म छिद्रे उरल्यामुळे अपवर्तनांक बहुधा २.० ते २.३ दरम्यानच राहतो. घन अ‍ॅनाटेजचा तो सुमारे २.५ असतो. साध्या काचेतील सोडियम थरात शिरून स्फटिकीकरण रोखतो, आणि रुटाइल या दुसऱ्या स्फटिकरूपासाठी लागणाऱ्या उष्णतेत ती काच टिकत नाही. तिथे क्वार्ट्झच वापरावा. अ‍ॅनाटेजचा बँड गॅप (इलेक्ट्रॉनला वरच्या ऊर्जापट्ट्यात जायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट व अप्रत्यक्ष असतो, म्हणजे ही उडी स्फटिकाच्या कंपनांच्या मदतीने होते; त्यामुळे शोषणावरून बँड गॅप काढायच्या टाउक आलेखात प्रत्यक्ष संक्रमणाचा घातांक घातल्यास आकडा फुगतो.

दोन-तीन सेंटीमीटरच्या काचेवर वर्णपट घ्यायचा असेल, तर मी स्पिन सुचवेन. वर्णपटातील व्यतिकरणाच्या लाटांवरून (थराच्या दोन्ही पृष्ठांवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळून उठणाऱ्या चढउतारांवरून) अपवर्तनांक काढायचा असेल, तर थर जाड लागतो; पण ती जाडी एका थरात साधू नये, कारण जाड थर वाळताना तडकतो. पातळ थर एकावर एक देत प्रत्येक थर भट्टीत तापवून घ्यावा.