वाईची भिक्षुकी की फौजेतलं धर्मगुरुपद?

शास्त्री झालेल्या, कर्मकांडाचा डिप्लोमा घेतलेल्या मुलापुढे आमच्या वाईत दोन वाटा असतात: घरची भिक्षुकी किंवा फौजेत पंडित. मी आधी पहिली धरली, मग दुसरी. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर आता पुन्हा पहिली, हौसेपुरती.

भिक्षुकीचं सुख खरं आहे. ज्याची मुंज लावली त्याच्याच लग्नात मंगलाष्टकं म्हणायला आपण उभे. बदल्यांच्या नोकरीत हे कुठलं मिळायला! मला खुपायची ती दक्षिणा. रक्कम नव्हे, तिची बोलणी. मांडववाला, बँडवाला सांगेल तो दर यजमान मुकाट मान्य करतो. गुरुजींना मात्र ‘तुम्हीच सांगा काय ते’ म्हणतो आणि सांगितलं की चेहरा पाडतो. सगळेच तसे नसतात, काही मागितल्यापेक्षा जास्तच हातावर ठेवतात. पण सत्यनारायणाच्या पाचव्या अध्यायापाशी मनात हिशेब सुरू व्हायचा, ते मला सोसेना.

फौजेत ते मिटलं. भरती थेट नायब सुभेदार म्हणून, म्हणजे जवानांच्या वर आणि अधिकाऱ्यांच्या खाली; पगार महिन्याच्या महिन्याला. त्यासाठी 1600 मीटर 8 मिनिटांत पळावं लागतं. इथेच बरेच शास्त्रीबुवा गळतात. पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत इतर धर्मांच्या रीतीही शिकाव्या लागतात. पुढे पूजाअर्चा हा कामाचा लहान भाग. कसम परेडला रंगरुटांना शपथ द्यायची, इस्पितळात जखमींजवळ बसायचं, शिक्षा भोगणाऱ्या जवानाला भेटायचं, अंत्यसंस्कार करायचे. हे शेवटचं काम सवयीनंही हलकं होत नाही. घरोघरी फौजी असलेल्या अपशिंगे गावाच्या आमच्या सातारा जिल्ह्यात त्याबद्दल जास्त काय सांगू?

बढतीची स्वप्नं मात्र फार मोठी नकोत. अमेरिकेच्या लष्करात प्रमुख पाद्री मेजर जनरल असतो. आपल्याकडे वाट सुभेदार मेजरपाशी थांबते, नशीब असेल तर निवृत्तीच्या सुमारास मानद लेफ्टनंट किंवा कॅप्टन.

आई-वडील थकलेले असतील, पिढीजात यजमानांची घरं हाताशी असतील, तर वाई सोडू नये असं मीही म्हणेन. तसं काही नसेल तर आधी फौजेचा फॉर्म भरावा, असं आपलं माझं मत. पेन्शन घेऊन परतलेल्याला गावात भिक्षुकी करता येते. फौजेत मात्र वयाची अट उलटली की कोणी उभं करत नाही.