रेडिओचा स्पीकर बदलून चौदा महिने झाले, आता लिहितो

माझ्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतली ती घूं (स्पीकरमधली सततची गुणगुण) मागच्या आठवड्यात एकदाची गेली. त्याआधी लिहायला बसलो असतो तर निम्म्या शिव्याच निघाल्या असत्या.

रेडिओ १९३८ च्या आसपासचा, टेबलावरचा. स्पीकरला आवाज पुरवणारा शेवटचा व्हॉल्व्ह ६व्ही६, एसीची डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह ८० नंबरचा. स्पीकर आठ इंची, फील्ड कॉइलवाला, म्हणजे कायमच्या चुंबकाऐवजी विजेवर चालणारा विद्युतचुंबक असलेला. माझ्या हातात आला तेव्हा कोन (स्पीकरचा कागदी शंकू) उंदरांनी कुरतडलेला आणि फील्ड कॉइल ओपन, म्हणजे आत तार तुटलेली. शेवटचा व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र ठणठणीत होता, त्याचाच काय तो आनंद.

फील्ड कॉइल का, हे तुम्हाला माहीत आहेच. राइस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये हलत्या कॉइलचा स्पीकर मांडला, तेव्हा त्याला पुरेल असा कायमचा चुंबक परवडत नव्हता. जपानमध्ये मिशिमा या धातुशास्त्रज्ञाची निकेल-ॲल्युमिनियमवाली चुंबकी मिश्रधातू आली १९३१ मध्ये, आणि तसे चुंबक घरोघरच्या रेडिओंत रुळायला पुढे बरीच वर्षं गेली. तोवर विद्युतचुंबक. आणि त्याची कॉइल हायटेन्शनच्या (व्हॉल्व्हना लागणाऱ्या उच्च व्होल्टेजच्या) वाटेत घालून तिच्याकडूनच चोकचंही काम, म्हणजे विजेतली लहर अडवायचं, करून घ्यायचं. वेगळा चोक वाचला! हे काटकसरीचं डोकं मला फार आवडतं. फक्त कॉइल तुटली की स्पीकर आणि पॉवर सप्लाय दोन्ही एकदम झोपतात.

पहिला उपाय अर्थातच फुकटातला. घरात आठ इंची, आठ ओहमचा चुंबकवाला स्पीकर पडून होता. फील्ड कॉइल १००० ओहमची, तिच्या जागी तेवढाच रेझिस्टर लावला. सेट ६५ मिलिॲम्पिअर खातो, म्हणजे ६५ व्होल्ट गळणार आणि सव्वाचार वॅट उष्णता होणार. दहा वॅटचा रेझिस्टर चालतो, मी वीसचा घातला आणि चॅसिसपासून जरा उचलून बसवला, कारण शेजारीच मेणाचे जुने कपॅसिटर होते.

वाजला. पण पातळ, कर्कश, बोलणारा माणूस नाक चिमटीत धरून बोलतोय असा. आणि वर घूं. व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी तेवढीच. रेझिस्टर व्होल्ट पाडतो, पण कॉइलसारखी लहर अडवत नाही, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि रात्री साडेअकराला खोलीत ऐकणं वेगळं. लहर सपाट करणारे दोन फिल्टर कपॅसिटर असतात, त्यांतला दुसरा वाढवून घूं अर्ध्यावर आणली. रेक्टिफायरलगतचा पहिला वाढवायचा मोह आवरला. ८० नंबरच्या व्हॉल्व्हवर तिथे वीस मायक्रोफॅरडच्या पुढे जाणं म्हणजे रेक्टिफायरच्या जिवावर उठणं.

इथपर्यंतचं मी सहा महिन्यांपूर्वीच लिहून ठेवलं होतं आणि खाली निकाल दिला होता: नवा स्पीकर जुन्या रेडिओला शोभत नाही. तो निकाल मागे घेतो. चूक स्पीकरची नव्हती, माझी होती. मूळची व्हॉइस कॉइल (कोनाला चिकटलेली, हलणारी) ३.२ ओहमची, तिच्यासह ट्रान्सफॉर्मर व्हॉल्व्हला ५००० ओहम दाखवणारा, म्हणजे वेढ्यांचं प्रमाण साधारण ३९.५ ला १. त्याच ट्रान्सफॉर्मरवर आठ ओहम टांगले की ६व्ही६ ला समोर साडेबारा हजार ओहम दिसतात. कर्कश वाजेल नाही तर काय! त्याच मापाचा चार ओहमचा स्पीकर आणून लावला, तर सव्वासहा हजार, म्हणजे मूळ पाच हजारांच्या बरंच जवळ. एका संध्याकाळीत आवाज भरून आला. ज्यांना नुसता रेडिओ ऐकायचा आहे त्यांनी इथेच थांबावं, खरंच. फक्त लेबलावरचा आकडा आणि मीटरवरचा आकडा एक नसतो. चार ओहमची कॉइल मीटरवर सव्वातीनच्या आसपास दाखवते, म्हणून खराब समजून परत पाठवू नका.

मी थांबलो नाही, कारण घूं अजून उरलेली होती. कमी, पण होती. शिवाय नव्या स्पीकरची भोकं जुन्या बॅफलशी (स्पीकर बसतो त्या फळीशी) जुळत नव्हती. चारांतले दोनच स्क्रू लागले, आणि ते उघडे दोन कोपरे आठ महिने माझ्या डोळ्यांत खुपत होते.

मग जुना फील्ड कॉइलवाला शोधला. वजन एवढं की पाठवणावळीने स्पीकरशीच बरोबरी केली. वर्णनात ‘तपासलेला’ असं होतं. मोजला तर फील्ड ९८० ओहम, व्हॉइस कॉइल २.६, दोन्ही उत्तम. पण दोन अंगठ्यांनी कोन हलकेच आत दाबला तर खरखर. विकणाऱ्याला विचारलं, तर म्हणे तपासला म्हणजे मीटर लावला. यावर काय बोलणार?

खरखर मीच काढली आणि चौदा महिन्यांतली ही सगळ्यात सुखाची दुपार. कोनाच्या मधली टोपी पातळ पात्याने कडेने सोडवली. व्हॉइस कॉइल हलते त्या फटीत गंजाची बारीक भुकटी होती. फील्ड कॉइलची एक गंमत अशी की वीज बंद असली की चुंबक जवळजवळ नसतोच, त्यामुळे भुकटी चिकटून बसत नाही. चिकटपट्टीची घडी घालून आत फिरवली आणि ती काळी होऊन बाहेर आली. कायमच्या चुंबकात हेच करायला गेलात तर कण इकडून तिकडे पळत बसतात. मग जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार पट्ट्या कापल्या, पोल (मधला लोखंडी दांडा) आणि कॉइलच्या मधल्या फटीत चार बाजूंनी खोचल्या, स्पायडरचा (कॉइल मधोमध धरणाऱ्या पातळ आधाराचा) स्क्रू ढिला केला, कॉइल आपोआप मधोमध आली, स्क्रू आवळला, पट्ट्या काढल्या. पुन्हा दाबून पाहिलं. आवाज नाही. कोन पार सुरळीत आत-बाहेर.

कोनला मात्र कडेला दोन चिरा होत्या आणि तिथे मी घाबरलो. टिश्यू कागद आणि पातळ केलेला पांढरा डिंक एवढ्यावर भागलं असतं हे आता कळतं. तेव्हा एका रिवाइंडरकडे (स्पीकर दुरुस्त करणाऱ्याकडे) पाठवला. त्याने चिरांवर डिंकाचा थर असा दिला की कोनाची ती बाजू पुठ्ठ्यासारखी झाली. ते एक वेळ सोडा. स्पीकर लावला आणि घूं दुप्पट! चार ओहमवाल्यापेक्षा वाईट, पहिल्या दिवसाइतकी.

त्याला विचारलं, तो म्हणाला तुमचे कपॅसिटर गेलेत. बदलले. फरक शून्य. पुन्हा विचारलं, पुन्हा कपॅसिटर. चांगले कपॅसिटर काढून टाकायला लावले या माणसाने, ते अजून डबीत आहेत. दोन महिने मी घूं ऐकत बसलो. ५० हर्ट्झच्या विजेवर फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतरची लहर १०० हर्ट्झची असते. आता तो सूर मी झोपेतही ओळखेन.

मागच्या आठवड्यात सहज मागे वाकलो. फील्ड कॉइलच्या पुढे एक छोटी कॉइल असते, व्हॉइस कॉइलच्या सिरीजमध्ये. फील्डमधली लहर व्हॉइस कॉइलमध्ये जेवढी उतरते, तेवढीच उलटी देऊन ती मारायची, एवढंच तिचं काम. सेट बंद केला, कपॅसिटर रिकामे केले, त्या छोट्या कॉइलला वळसा घालून तार जोडली आणि सुरू केला. घूं कमी झाली! मारणारी कॉइल बाजूला केल्यावर घूं कमी होते याचा अर्थ एकच. कोनाच्या कामात सोडवलेल्या तिच्या दोन तारा परत जोडताना उलट्या लागल्या होत्या. अदलाबदल केली, दोन जागी डाग दिला. आता कान कापडाला लावला तरच कळतं की सेट चालू आहे.

जाता जाता एक. स्पीकरचा प्लग काढून असा सेट चालू करू नका. फील्डच सुटल्यावर पहिल्या कपॅसिटरवर लोड नसलेलं सगळं व्होल्टेज येऊन बसतं.

चारही स्क्रू लागलेत. पुठ्ठा झालेली बाजू खालच्या सुरांना थोडी अडते, ती मी सोसतो, पुन्हा त्या रिवाइंडरकडे पाठवणार नाही. तारा उलट्या होत्या एवढं मात्र त्याला कळवलं. उत्तर आलं, “म्हणजे कपॅसिटर चांगले होते तर.”