अमेरिकेच्या पंक्तीत फ्रेंच पान

‘लायब्ररी ऑफ अमेरिका’ या ग्रंथमालेचा १४७ वा खंड गेले काही महिने माझ्या टेबलावर आहे. मालेतल्या एवढ्या खंडांमधून नेमका हाच विकत घेण्यामागचे कारण थोडे विचित्र आहे. अमेरिकी साहित्याचा ठेवा म्हणून जी पुस्तके जपून छापली जातात, त्यांच्या रांगेत बसलेले हे पुस्तक अमेरिकी माणसाने लिहिलेले नाही, ते मुळात इंग्रजीतही नाही, आणि अमेरिकेला स्वतःचे म्हणावे असे साहित्य अजून नाही, असे त्यात कोणताही आडपडदा न ठेवता म्हटलेले आहे. अलेक्सी द तोकव्हिल या फ्रेंच लेखकाचे ‘डेमॉक्रसी इन अमेरिका’ हे ते पुस्तक. आर्थर गोल्डहॅमर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००४ मध्ये या मालेत आला. ज्याने यजमानाच्या घरात भांडी नाहीत असे चारचौघांत सांगितले, त्यालाच बोलावून मानाच्या पाटावर बसवावे, तसा हा प्रकार आहे, आणि म्हणूनच बाहेरचा माणूस अमेरिकेकडे कसा पाहतो हे समजून घेण्यासाठी मला हाच खंड घ्यावासा वाटला.

आधी वस्तू म्हणून पुस्तकाचा विचार करू, कारण या मालेची अर्धी कीर्ती तिच्या बांधणीवर उभी आहे. काळे वेष्टन, त्यावर लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांची बारीक पट्टी, वेष्टन काढले की आत कापडी पुठ्ठा, दोऱ्याने शिवलेले फर्मे आणि खुणेसाठी रिबीन, असा हा थाट आहे. नऊशेहून अधिक पाने असूनही ग्रंथ एका हातात मावतो, कारण कागद पातळ आहे. तो आम्लविरहित असल्यामुळे आपल्याकडच्या जुन्या आवृत्त्यांसारखा दहा-पंधरा वर्षांत पिवळा पडून तुटत नाही. पुस्तक मधोमध उघडून टेबलावर ठेवले तर ते तसेच पसरून राहते, त्यामुळे एका हाताने चहा घेत वाचता येते. पातळ कागदाची किंमत मात्र मोजावी लागते. पेन्सिलीने जरा जोर देऊन खूण केली की मागच्या पानावर ती उमटते, आणि समासही बेताचेच असल्यामुळे टिपणे काढत वाचणाऱ्याने वेगळी वही घेऊन बसावे हे बरे. माझी प्रत ज्या ऑनलाइन दुकानातून आली, त्यांनी ती नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पाठवल्यामुळे एक कोपरा चेपूनच हाती पडला. त्यात प्रकाशकाचा दोष नाही, पण मागवणाऱ्याने खोक्यातून पाठवण्याविषयी आधी विचारून घ्यावे.

या मालेच्या जन्माची हकीकतही विषयाला धरूनच आहे. समीक्षक एडमंड विल्सन यांच्या मनात फ्रान्समधल्या ‘प्लेआद’ मालेसारखी आपल्या अभिजात लेखकांची एकसारखी, टिकाऊ आणि परवडणारी माला अमेरिकेत असावी असे होते. ते १९७२ मध्ये वारले. नॅशनल एंडाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज आणि फोर्ड फाउंडेशन यांच्या साहाय्याने १९७९ मध्ये ना-नफा तत्त्वावर संस्था उभी राहिली आणि १९८२ मध्ये पहिले खंड निघाले, त्यांत मेल्व्हिल, हॉथॉर्न आणि व्हिटमन हे अमेरिकी लेखक होते. म्हणजे आपले राष्ट्रीय साहित्य कपाटात कसे मांडावे, याचा नमुनादेखील या देशाने परदेशातूनच घेतला. त्यातही मौज अशी की तोकव्हिलचे हेच पुस्तक ‘प्लेआद’मध्येही आहे, तेव्हा दोन देशांच्या दोन मालांनी एकाच ग्रंथावर हक्क सांगितलेला आहे.

तोकव्हिल मे १८३१ मध्ये अमेरिकेत उतरला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. बरोबर ग्युस्ताव्ह द बोमाँ हा मित्र होता आणि सरकारी काम तुरुंगांची पाहणी करण्याचे होते. नऊ महिन्यांत त्यांनी तुरुंग तर पाहिलेच, पण त्याहून कितीतरी अधिक पाहिले. पुस्तकाचा पहिला भाग १८३५ मध्ये आणि दुसरा १८४० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि या खंडात दोन्ही एकत्र आहेत. पहिल्या भागात राज्यघटना, गावसभा, न्यायालये, पक्ष यांचे वर्णन आहे. त्यातला बराच मजकूर आज राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांखेरीज इतरांनी चाळला तरी चालण्यासारखा आहे. साहित्य, भाषा, नाटक, वक्तृत्व यांवरची छोटी छोटी प्रकरणे दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला आहेत, आणि माझ्या मते पुस्तकाचे पैसे तिथेच वसूल होतात.

तिथे तो सांगतो की अमेरिकेतल्या पुस्तकांच्या दुकानात इंग्लंडमध्ये लिहिलेली पुस्तकेच भरलेली असतात. वसाहतकऱ्याच्या ओबडधोबड झोपडीतही शेक्सपिअरची एखाद-दुसरी सुटी प्रत सापडते, आणि पाचव्या हेन्रीचे नाटक आपण पहिल्यांदा वाचले ते ओंडक्यांच्या एका घरात, ही आठवण तो जाता जाता नोंदवतो. राजे, सरदार आणि सरंजामी लढायांचे नाटक, अंगावर जंगल चाल करून येत असलेल्या झोपडीत बसून एक फ्रेंच उमराव वाचतो आहे, हे चित्र मला सिद्धान्ताच्या दहा पानांपेक्षा जास्त बोलके वाटले. पुढे तो म्हणतो की आपला लेखक चांगला आहे की नाही हे ठरवण्यासाठी अमेरिकी लोक इंग्लंडच्या निकालाची वाट पाहतात, जसे नक्कल कशी उतरली हे सांगण्याचा अधिकार मूळ चित्रकाराकडे असतो. हे वाक्य वाचताना मराठी वाचकाला हसू आवरणे कठीण जाईल, कारण परदेशी पारितोषिकाची बातमी आल्यावर घरच्या लेखकाची पुस्तके शोधत फिरण्याची सवय आपल्यालाही नवीन नाही. खरे अमेरिकी लेखक म्हणून तो फक्त पत्रकारांचे नाव घेतो: ते मोठे साहित्यिक नाहीत, पण देशाची भाषा बोलतात आणि लोक त्यांचे ऐकतात.

इथे तो चुकला आहे हे सांगायला हवे. वॉशिंग्टन अर्व्हिंग आणि फेनिमोर कूपर या अमेरिकी लेखकांची पुस्तके तोवर युरोपात आवडीने वाचली जात होती, आणि १८३७ मध्ये, म्हणजे दुसरा भाग निघण्याच्या तीन वर्षे आधी, इमर्सन या अमेरिकी विचारवंताने मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज येथील व्याख्यानात युरोपच्या शिकवणीचे आपले दिवस सरत आल्याचे जाहीर केले होते. दुसऱ्याच्या घरी थोडे दिवस राहिलेल्या पाहुण्याच्या नजरेतून जे सुटते, तेच इथेही सुटले आहे: सर्वांसमोर मांडलेले त्याने नीट पाहिले, आतल्या खोलीत शिजत होते ते त्याला दिसले नाही. मात्र तोच लेखक कवितेवरच्या प्रकरणात असे काही लिहून जातो की वाचणारा थबकतो. अमेरिकेत कवी नाहीत हे मी मान्य करतो, पण काव्यमय कल्पना नाहीत हे मान्य करणार नाही, असा त्या प्रकरणातला त्याचा सूर आहे. युरोपातले लोक अमेरिकेच्या अरण्याविषयी भरभरून बोलतात, खुद्द अमेरिकी माणसाला मात्र ते अरण्य कुऱ्हाडीखाली पडेपर्यंत दिसत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर असते ते दलदल सुकवत, नद्या वळवत पुढे चाललेल्या आपल्याच लोकांचे दृश्य. लोकशाहीत देव आणि राजे मागे पडले की कवितेला विषय म्हणून माणूसच उरेल, असे त्याचे भाकीत आहे. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १८५५ मध्ये, व्हिटमन या अमेरिकी कवीचा पहिला संग्रह आला. तोकव्हिल १८५९ मध्ये वारला, आणि हे दोघे आता एकाच काळ्या वेष्टनाच्या मालेत आहेत.

लोकशाहीतल्या लेखकाची भाषा फुगते का, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तरही वाचण्यासारखे आहे. तिथला माणूस एरवी स्वतःच्या लहानशा व्यवहारात गुंतलेला असतो, आणि त्यातून मान वर काढली की त्याला थेट समाज किंवा मानवजात एवढी प्रचंड गोष्टच दिसते. मधले काहीच नसते. त्यामुळे लेखणी हातात घेतली की तो एकदम आभाळात जातो. आपल्याकडच्या उद्घाटनाच्या भाषणांनाही हे निदान लागू पडते की काय, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

पण या पुस्तकातला मनात रुतून बसणारा प्रसंग साहित्याच्या प्रकरणांत नाही, पहिल्या भागाच्या शेवटच्या मोठ्या प्रकरणात आहे, जिथे तो खंडावरच्या तीन वंशांविषयी लिहितो. १८३१ सालच्या अखेरीस, कडाक्याच्या थंडीत, मेम्फिसजवळ मिसिसिपीच्या काठावर त्याने चॉक्टॉ या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांचा तांडा पाहिला. सरकारने त्यांना नदीपलीकडे हलवायचे ठरवले होते. बरोबर आजारी माणसे, नुकती जन्मलेली मुले आणि मरणाच्या दारात असलेले म्हातारे होते. कोणी रडत नव्हते, सगळे गप्प होते. माणसे नावेत चढली आणि कुत्री काठावर राहिली. आपल्याला कायमचे मागे टाकून ही नाव चालली आहे, हे त्या कुत्र्यांच्या ध्यानात आले तेव्हा त्यांनी एकच आकांत केला आणि गोठणाऱ्या पाण्यात उड्या टाकून ती नावेमागे पोहत निघाली. तोकव्हिल इथे फार काही भाष्य करत नाही. आपल्या घरातले अन्न आपल्या घरच्यांना ज्या चवीचे लागते, त्याच्यापेक्षा पाहुण्याला वेगळे लागते, आणि हा प्रसंग इतक्या थंडपणे टिपायला कदाचित परकेपणाच उपयोगी पडला असावा.

अनुवादाविषयी. हेन्री रीव्ह यांचा पहिला इंग्रजी अनुवाद मूळ पुस्तकाबरोबरच निघाला होता. तो आज फुकट वाचता येतो, पण त्याची वाक्ये जुन्या वळणाची आणि जड आहेत. मॅन्सफिल्ड आणि विन्थ्रॉप यांचा शिकागो विद्यापीठाने २००० मध्ये काढलेला अनुवाद मूळ शब्दाला घट्ट धरून चालतो आणि अभ्यासकाला सोयीचा आहे. गोल्डहॅमर संदर्भ पाहून शब्द निवडतात, त्यामुळे त्यांचे इंग्रजी वाहते आणि तोकव्हिलची मिश्कील लकब त्यात उतरते. मला सलग वाचनासाठी हाच आवडला. खंडाचे संपादक ऑलिव्हिए झुन्झ यांनी जोडलेला कालपट आणि टिपा नेमक्या आहेत, परंतु टिपा ज्या पद्धतीने दिल्या आहेत ती माझ्या अजिबात पचनी पडली नाही. या मालेत मजकुरावर टिपेचा आकडा छापत नाहीत. शेवटी पान आणि ओळ यांचे क्रमांक देऊन टिपा लावलेल्या असतात. पान स्वच्छ दिसते हे खरे, पण कुठे टीप आहे हे वाचणाऱ्याला कळायचे कसे? या मालेच्या रिवाजाप्रमाणे विद्वानाची प्रस्तावनाही यात नाही. ज्याला अमेरिकेचा त्या काळाचा इतिहास ठाऊक नाही, त्याने प्रस्तावना असलेली पेंग्विनची २००३ ची गेराल्ड बेव्हन यांची आवृत्ती घेतली तर ती हलकी आणि स्वस्तही पडेल. मला स्वतःला प्रस्तावनेचा अभाव खटकला नाही, कारण लेखक परका आणि वाचकही परका असताना मध्ये तिसरा माणूस उभा नसणे बरे वाटले.

मराठी वाचकाने हा खंड एका मराठी पुस्तकाशेजारी ठेवून वाचावा, असे मी आग्रहाने सुचवीन. पंडिता रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला पोहोचल्या, दोन वर्षांहून अधिक काळ तिथे राहिल्या, आणि परतल्यावर १८८९ मध्ये ‘यूनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहून प्रसिद्ध केले. मूळ रहिवाशांवर आणि कृष्णवर्णीयांवर झालेला अन्याय दोघांनाही दिसला, पण स्त्रियांच्या बाबतीत दोघांच्या वाटा फुटतात. तोकव्हिल अमेरिकेच्या भरभराटीचे श्रेय तिथल्या स्त्रियांच्या श्रेष्ठत्वाला देतो आणि त्याच दमात त्या घराच्या चौकटीत राहतात याचे कौतुक करतो. रमाबाई तीच चौकट ओलांडून शिकणाऱ्या, कमावणाऱ्या, संस्था चालवणाऱ्या बायकांची माहिती पानामागून पान देत जातात. त्यांचे पुस्तक अमेरिकी लोकांसाठी नव्हते. ते इथल्या वाचकांना उद्देशून होते, आणि त्यामुळे त्यातले कौतुकही नेहमी घरच्या परिस्थितीकडे बोट दाखवत राहते. ते पुस्तक असे काळे वेष्टन, शिवलेली बांधणी आणि रिबीन यांसह मिळत नाही.

ज्याला फक्त साहित्यावरची प्रकरणे वाचायची आहेत, त्याने हा खंड ग्रंथालयातून आणून दुसऱ्या भागाचा पहिला खंडक वाचावा; त्याला एक आठवडा पुरतो. ज्याला पुस्तक घरात ठेवून वर्षभर अधूनमधून उघडायचे आहे, त्याने विकत घ्यावे, आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात वेष्टन नसलेली प्रत मिळाली तरी सोडू नये, कारण आतला कापडी पुठ्ठा वेष्टनापेक्षा जास्त देखणा आहे.