हंगामात रेकॉर्डिंग कुठे करावं: तालुक्याचा स्टुडिओ, नागपूर की गावातलाच सभामंडप?

गाणं काढायचं ठरलं की मंडळात पहिला वाद होतो तो नागपूरला जायचं की तालुक्यालाच उरकायचं यावर. मी पेटी वाजवतो. यवतमाळ-वाशीम पट्ट्यातली भजन मंडळं, भीमगीतांच्या पार्ट्या, बंजारा गायक यांच्यासोबत दोन्हीकडच्या स्टुडिओत बसणं होतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: जे एकत्र बसून गातात त्यांनी तालुक्यातच रेकॉर्डिंग करावं, पण ऐन हंगामात करू नये. एकटा गायक ट्रॅकवर, म्हणजे आधीच वाजवून ठेवलेल्या संगीतावर, गाणार असेल, तर त्याने खुशाल नागपूर गाठावं.

आधी तारीख धरा

तालुक्याच्या स्टुडिओला वर्षातून दोनदा मान वर करायला फुरसत नसते. पहिली गर्दी श्रावणात सुरू होते. गणपती, भुलाबाई, नवरात्र आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे अशोक विजयादशमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली, तो दसऱ्याचा दिवस होता. दीक्षाभूमीवर लोक जमण्याआधी आपलं गाणं त्यांच्या मोबाइलमध्ये पोचावं, असं प्रत्येक पार्टीला वाटतं आणि ते वाटणं रास्त आहे. दसरा होतो न होतो तोच मोझरीला गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव येतो, म्हणजे खंजिरी भजनवाले येतात. दुसरी गर्दी चैत्रातली. रामनवमीची पोहरादेवीची यात्रा आणि १४ एप्रिलची जयंती एकमेकींना खेटून येतात, त्यामुळे मार्चमध्ये बंजारा गायक आणि भीमगीतवाले एकाच खोलीसाठी नंबर लावून बसतात. पूर्वेकडे, वडसा-ब्रह्मपुरीच्या बाजूला, गणित आणखी वेगळं आहे. झाडीपट्टीची नाटकं दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर चालतात. त्या काळात तिकडचे चांगले वादक दिवसा झोप काढतात, रेकॉर्डिंगला हाती लागत नाहीत.

या गर्दीत गाण्याचं काय होतं ते बघा. सकाळी एक मंडळ, दुपारी दुसरं, रात्री मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवणं. दिवसभर ऐकून रेकॉर्डिस्टचे कान बधिर झालेले. मग आदल्या गाण्याचंच सेटिंग पुढच्याला लागतं: तोच रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट), तोच ढोलकचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा), तोच पोकळ कोरस. टेकमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग चालू असताना, कोणी बेसूर झालं तर "चालून जाते भाऊ, मिक्सिंगमध्ये करून घेऊ" म्हणतात. बाहेर ओसरीवर पुढचं मंडळ टाळ घेऊन बसलेलं असतं. काचेतून ते गायकाला दिसतं, आणि मग तोच शेवटचं कडवं घाईने गुंडाळतो.

शिवाय पावसाळा. टिनावर सर आली की टेक थांबतो. दमट हवेत कातडं सैल पडतं. काळी पाचला (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला) मिळवलेला तबला बघता बघता उतरतो. पेटी काही उतरत नाही, त्यामुळे दर गाण्याला हातोडी घेऊन बसावं लागतं. लाईन जाते. इन्व्हर्टर साधा, चौकोनी वेव्हचा असेल तर माइकमध्ये बारीक घूं घूं शिरते, ती नंतर पूर्ण निघत नाही. प्युअर साइनवेव्हचा इन्व्हर्टर असला तर ही कटकट टळते. म्हणून ॲडव्हान्स देण्याआधी हे विचारायला लाजू नका.

मग करायचं कधी? ऑक्टोबरात सोयाबीन, पुढे कापूस वेचणी, मग तूर. अर्धं मंडळ वावरात असतं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि टेकच्या वेळी कूलर बंद ठेवावाच लागतो. बंद खोलीत आठ माणसं, घामाने खंजिरी हातातून सटकते. उरतो तो संक्रांतीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ. हवा कोरडी, रात्री शांत, स्टुडिओ रिकामा, रेकॉर्डिस्टही मोकळ्या मनाने ऐकतो. दसऱ्याचं गाणं माघात कशाला, असं लोक विचारतात. रेकॉर्ड केलेली फाइल नासत नाही. गाणं आत्ता रेकॉर्ड करा, मिक्सिंग उन्हाळ्यात आटपा, सोडा दसऱ्याच्या तोंडावर. गजानन महाराजांच्या प्रकटदिनाचं, माघ वद्य सप्तमीचं गाणं असेल तर मात्र मार्गशीर्षातल्या रात्री गाठाव्या लागतील.

खोली आणि खंजिरी

तालुका आणि नागपूर यांत खरा फरक माइकच्या किमतीचा नाही. चांगला कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा) आता दोन्हीकडे असतो. फरक पडतो तो रेकॉर्डिंगच्या पद्धतीने.

नागपूरच्या बहुतेक स्टुडिओंची घडण एकेकट्याने गाण्यासाठी आहे. आधी क्लिक (हेडफोनमध्ये लयीसाठी वाजणारी टकटक), त्यावर पेटी किंवा कीबोर्ड, मग ठेका, मग मुख्य आवाज, शेवटी कोरस. सिनेमाच्या चालीच्या गाण्याला, लग्नाच्या गाण्याला हे उत्तम चालतं. खंजिरी भजन मात्र यात मोडून पडतं. मुख्य गायकाच्या स्वतःच्या हातात खंजिरी असते. शब्द कुठे ओढायचा, सम कुठे मारायची, हे त्याचा हात ठरवतो. "आधी नुसतं गा, खंजिरी नंतर घेऊ" म्हटलं की त्याचा हात मांडीवर नुसता पडून राहतो आणि आवाज कोरडा होतो. गजराच्या वेळी लय आपोआप चढते, टाळ तिच्या मागे धावतात. क्लिक मात्र जागचा हलत नाही. एका म्हाताऱ्या भजनकरी बुवांनी हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाले, "हे टकटक मले गाऊ देऊन नाई राहिली." बरोबर बोलले.

तालुक्याच्या ज्या रेकॉर्डिस्टने गावची भजनं लहानपणापासून ऐकली आहेत, तो वेगळं करतो. गायकाला बसवतो, खंजिरी छातीच्या खाली धरायला सांगतो. आवाजाचा माइक कार्डिऑइड, म्हणजे समोरून ऐकणारा आणि मागून बहिरा. तो तोंडाकडे वर करून असा लावतो की माइकची पाठ खंजिरीकडे येते. खंजिरीला वेगळा डायनॅमिक माइक (कंडेन्सरपेक्षा कमी नाजूक), वीतभर अंतरावर, कातड्याच्या बाजूने थोडा तिरका. झांजांच्या बाजूने कंडेन्सर लावला तर झांजा कान चिरतात आणि कातड्याचा घुमारा हरवतो. माझ्या मते स्टुडिओची परीक्षा घ्यायला हे एवढं पुरे. खंजिरीला माइक कसा लावता, एवढंच विचारा. "मिक्सिंगमध्ये बघू" असं उत्तर आलं तर दुसरा स्टुडिओ बघा.

खोलीची परीक्षाही सोपी आहे. मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. पत्र्यावर खडे पडल्यासारखा झणझण आवाज मागे राहिला तर समोरासमोरच्या भिंती उघड्या आहेत. मग कोपऱ्यात ढोलकच्या डाव्या पुडीवर थाप मारून बघा. बऱ्याच लहान खोल्यांत भिंतीला पातळ फोम चिकटवलेला असतो. तो वरचे, चिरके आवाज शोषतो. खालच्या घुमण्याला त्याचा काहीच उपयोग नाही. १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, ती दोन इंचांच्या फोमला कशी जुमानेल? त्याला जाड भरीव पॅनल लागतात, तेही कोपऱ्यांत. लाकडी चौकटीत रॉकवूल भरून वर कापड ताणतात. आपल्या कापसाच्या मुलखात काही जण जाड गाद्याच कोपऱ्यांत उभ्या लावतात. दिसायला ओबडधोबड, पण ढोलक गप्प बसतो. फक्त गादी म्हणजे कापूस, आणि कापूस पेट घेतो. वायरिंग उघडी असलेल्या खोलीत तसं करू देऊ नका.

पैशांचं गणित

नागपूरला बहुतेक ठिकाणी तासावर दर असतो, तालुक्याला गाण्यामागे. तासाचा दर ऐकताना परवडणारा वाटतो. पण आठ-दहा जणांचं मंडळ यवतमाळहून निघालं तर दीडशे किलोमीटरची गाडी, दोन वेळचं जेवण, मुक्काम आणि प्रत्येकाची बुडालेली मजुरी हे सगळं त्यात धरा. वर घड्याळ चालू असतं, त्यामुळे तबला मिळवण्याचेही पैसे लागतात. गाण्यामागे दर असला की मंडळाला धीर येतो, दुसरा-तिसरा टेक मोकळेपणी मागता येतो. पण किती दुरुस्त्या फुकट आणि मिक्सिंग त्यात आहे की वेगळं, हे आधी कागदावर घ्या. भांडणं नेमकी तिथेच होतात.

एकट्या गायकाचं गणित उलटं. एक माणूस, एसटीचं तिकीट, तयार ट्रॅक, दोन-तीन तासांत काम. नागपूरला आवाजाची बंद खोली खरोखर शांत असते. बासरी, व्हायोलिन, सतार वाजवणारा लागला तर तो तिथे एका फोनवर येतो. तालुक्याला त्याच बासरीसाठी कीबोर्डचं बटण दाबतात, आणि ते ऐकू येतं. आवाज नाजूक असेल, गाणं संथ असेल, तर नागपूरच.

मधला मार्ग मला सगळ्यांत आवडतो: रेकॉर्डिंग तालुक्याला, मिक्सिंग नागपूरला. त्यासाठी तालुक्यातून प्रत्येक वाद्याची आणि आवाजाची सुटी वेव्ह (.wav) फाइल घ्यावी लागते, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झची. दहा ट्रॅकचं सहा मिनिटांचं गाणं साधारण अर्ध्या जीबीत बसतं. तेव्हा "फाइल लई मोठी आहे" हे कारण ऐकून घेऊ नका, पेनड्राइव्ह पुढे करा. व्हॉट्सॲपवर आलेल्या एमपीथ्रीवर पुढे काही काम होत नाही. आणि मास्टर, म्हणजे गाण्याची शेवटची तयार फाइल, दोन मागा. डीजेवर वाजवायचं गाणं ठासून मोठं करतात. यूट्यूब मात्र प्रमाणापेक्षा मोठं गाणं स्वतःहून खाली आणतं, साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (आवाज किती मोठा वाटतो याचं हे माप). म्हणजे ठासलेल्या गाण्याचा आवाज तिथे मोठाही राहत नाही आणि खंजिरीचा ठोका आधीच चपटा झालेला असतो.

शब्द कोणाचे, चाल कोणाची

हे दोन्हीकडे सारखंच, पण तालुक्याला कोणी विचारत नाही म्हणून लिहितो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनेचा हक्क कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. तुकडोजी महाराजांचं निधन ११ ऑक्टोबर १९६८ चं, म्हणजे अशा रचनांचा हक्क २०२८ अखेरपर्यंत. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, त्यांचा २०६४ पर्यंत. तुकोबांचा अभंग कोणीही गावा. त्याला अलीकडच्या संगीतकाराने लावलेली चाल मात्र त्या संगीतकाराची. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गायला कायद्याने सूट आहे. ती सूट यूट्यूबवर गाणं टाकायला लागू होत नाही. सिनेमाच्या चालीवर भजन बसवलं किंवा कुठूनतरी उतरवलेला कराओके ट्रॅक वापरला, तर क्लेम (हक्काचा दावा) येऊन पैसे दुसऱ्याकडे जातात. स्वतःची चाल बांधणारा माणूस मंडळात असतोच, त्याला पुढे करा. कवी हयात असेल तर त्याची सही घ्या, त्याचं नाव गाण्याखाली टाका, आणि मानधनही द्या.

सभामंडपात

तिसरा पर्याय लोक शेवटी आठवतात, तोही पैसे संपले म्हणून. काही गाण्यांसाठी तो पहिला असायला हवा. भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आजी स्टुडिओत येत नाहीत. आल्या तरी काचेच्या पलीकडे माणूस बघून गप्प होतात. त्यांच्यासाठी रेकॉर्डर घेऊन आपण जायचं. तालुक्याचा रेकॉर्डिस्ट हंगाम नसताना लॅपटॉप, लहान इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचं यंत्र) आणि दोन माइक घेऊन येतो. नागपूरचा सहसा येत नाही.

विहार किंवा सभामंडप सिमेंटचा, उंच छताचा असेल तर आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत. सतरंज्या अंथरा, मागच्या भिंतीवर गोधड्या टांगा, बायांना अर्धवर्तुळात बसवा आणि माइक जवळ घ्या. त्याहून चांगली जागा म्हणजे घरातली धान्याची खोली. कट्टे रचलेले असतात, आवाज आपोआप मऊ होतो. पंखा, फ्रीज, मोबाइल बंद. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा, घूं घूं जाते. मळणी यंत्र चालू नसेल, रातकिडे नसतील असे दिवस बघायचे, म्हणजे पुन्हा तोच माघ.

यातून डीजेवर वाजेल असं काही निघणार नाही. आजीने मधेच थांबून कडवं आठवलं तर रेकॉर्डर बंद करू नका. ते आठवणंही फाइलमध्ये राहू द्या, आणि गाणं कोणत्या गावचं, कोणाकडून शिकली, हे तिलाच तिच्या आवाजात सांगायला लावा. एक प्रत तिच्या घरी द्या. बाकी मंडळांच्या तारखा पुढेमागे सरकवता येतात. घरात अशी कोणी असेल, तर यंदाच्या माघातली पहिली तारीख तिच्यासाठी घ्या.