ड्वार्फ लायनफिश घरच्या रीफ टँकमध्ये: तिन्ही ऋतू काढल्यानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकायचा तर, दीडशे लिटरच्या, नीट मुरलेल्या (घाण पचवणारे जिवाणू जमलेल्या) रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, फझी ड्वार्फ लायनफिश हा विषारी काट्यांचा छोटा शिकारी मासा मजेत राहतो. प्रवाळाला तोंड लावत नाही, पाण्याच्या बाबतीत टँग किंवा बटरफ्लाय माशांइतके नखरे करत नाही आणि माणसाला लवकर ओळखायला लागतो. अडचण एकच, खाण्याची, आणि तीही बहुतेक वेळा मासा नव्हे तर मालक निर्माण करतो. नवा मासा आठवडाभर खात नाही म्हणून सगळे धास्तावतात. प्रत्यक्षात धडधाकट लायन उपासाने सहसा मरत नाही. चुकीचं आणि जास्त खाऊन मरतो, तेही काही महिन्यांनी, सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असताना.

दुकानात ‘ड्वार्फ लायन’ या एका नावाखाली निदान तीन मासे मिळतात. फझी, म्हणजे डेन्ड्रोकायरस ब्रॅकिप्टेरस, साधारण १५ ते १७ सेंमीपर्यंत जातो. पहिल्यांदा पाळणाऱ्याने हाच घ्यावा. झेब्रा, म्हणजे डेन्ड्रोकायरस झेब्रा, थोडा मोठा. त्याच्या कल्ल्याच्या झाकणावर खालच्या बाजूला काळा ठिपका असतो आणि त्याला २०० लिटरच्या पुढचा टँक लागतो. तिसरा फू मांचू, जबड्यावर दोन लांब मिशा आणि पाठीच्या मागच्या परावर डोळ्यांसारखे दोन ठिपके असलेला. हा सगळ्यात लहान, १२-१३ सेंमीचा, पण लहान म्हणजे सोपा असं अजिबात नाही. दिवसभर कपारीत बसतो, अंधार पडल्यावर बाहेर येतो आणि मेलेलं अन्न घ्यायला महिनाही लावू शकतो. शिवाय मोठ्या लायनची, व्होलिटान्सची, पिल्लं कधी कधी ड्वार्फ म्हणून खपवली जातात. छातीजवळचे पर बघा. ड्वार्फमध्ये ते पंख्यासारखे पडद्याने जोडलेले असतात, व्होलिटान्समध्ये पिसांसारखे सुटे. ते पिल्लू पुढे फूटभराच्या वर जातं.

घेण्याआधी दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. तो टाळाटाळ करत असेल तर मासा राहू द्या. तोंड पूर्ण मिटतंय का, डोळे स्वच्छ आहेत का आणि डोक्यामागची पाठ खोलगट तर नाही ना, एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं. पिशवी एकात एक अशी दुहेरी हवी आणि ती कडक डब्यात ठेवलेली हवी, नाहीतर काटे प्लास्टिक फोडतात.

टँकबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तापमान २४ ते २६ अंश, घनता १.०२५, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. मासा पोहण्यापेक्षा बसतो जास्त. दगडाला पोट टेकून, छातीच्या परांच्या खालच्या सुट्या काड्यांवर हळूहळू चालल्यासारखा सरकतो. त्यामुळे दोन-तीन खोल कपारी आणि प्रवाह मंद असलेला एक कोपरा हवाच. वेव्हमेकरला (पाण्यात प्रवाह तयार करणाऱ्या पंपाला) जाळी लावा. आपल्याकडे एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची: रीफ बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. भारतीय किनाऱ्यावरचा प्रवाळी दगड ‘लाइव्ह रॉक’ म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका. कोरडा किंवा सिरॅमिक दगड आणून तो दोन-तीन महिने मुरवला की काम भागतं.

आता खाणं.

फझीचं निसर्गातलं मुख्य अन्न म्हणजे कोळंबीवर्गातले छोटे प्राणी आणि खेकडे. म्हणून सुरुवात करंदीने करावी, माशाने नाही. पहिले दोन दिवस काहीच देऊ नका, दिवे मंद ठेवा. तिसऱ्या संध्याकाळी दोन जिवंत करंद्या सोडा. आकार लायनच्या तोंडाच्या रुंदीपेक्षा कमीच हवा. मोठी असेल तर डोक्यावरचा करवतीसारखा काटा कात्रीने उडवा. खाडीतून आणलेली करंदी थेट टँकमध्ये टाकू नये. वेगळ्या टबात हवा चालू ठेवून एक-दोन दिवस ठेवावी आणि तिला स्पिरुलिनाचे फ्लेक्स खाऊ घालावेत. तिच्या पोटात जे असेल तेच लायनला मिळणार, उपाशी करंदी म्हणजे नुसतं टरफल. दुकानातली गोड्या पाण्यातली श्रिम्पही चालते, पण ती खाऱ्या पाण्यात फार टिकत नाही, तेव्हा एकेकच सोडा.

दोन-तीन वेळा जिवंत खाल्लं की दांडीवर आणायचं. यासाठी ४५ सेंमी लांबीची बारीक, पारदर्शक अॅक्रिलिकची दांडी सगळ्यात बरी. स्टीलचा चिमटा टाळा: लायन झडप घालतो तेव्हा तोंड जोरात आदळतं आणि जबड्याला इजा होते. ताजी मारलेली करंदी टोकाला हलकेच अडकवायची, घट्ट खोचायची नाही. माशाच्या डोळ्यांच्या पातळीत, तोंडापासून दहा-बारा सेंमी अंतरावर धरून किंचित थरथरवायची आणि त्याच्यापासून दूर, सावकाश सरकवत न्यायची. तोंडाकडे नेली तर तो मागे हटतो, कारण भक्ष्य कधी चालून येत नाही. बरोबर जमलं की दिसतं ते असं: छातीचे दोन्ही पर पूर्ण फाकतात, करंदीला पळायला बाजूच राहत नाही, डोळे घासावर खिळतात, शरीर तसूभर पुढे सरकतं आणि थांबतं. मग झडप. ती डोळ्याला दिसत नाही, फक्त दांडीला बसलेला झटका कळतो. तीन-चार मिनिटांत घेतलं नाही तर काढून घ्या आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. मध्येच दया येऊन जिवंत करंदी टाकली की सगळा सराव वाया जातो. ताजी मेलेली घ्यायला लागला की गोठवून वितळवलेली, आणि मग कोळंबीचे तुकडे, मुडदुशीच्या पट्ट्या, माकुलाचे बारीक काप. काही मासे हे चार दिवसांत शिकतात, काहींना चार आठवडे लागतात.

मासळी बाजारातून काय आणायचं, यावर बरंच अवलंबून आहे. आख्खी, डोक्यासकटची ताजी कोळंबी घ्या. सोललेल्या, पाकीटबंद कोळंबीला पुष्कळदा फॉस्फेटच्या द्रावणात बुडवलेलं असतं. खाणाऱ्या माणसाला ते कळत नाही, पण रीफमध्ये ते शेवाळ बनून उगवतं. काळी पडू नये म्हणून सल्फाइटही लावतात, म्हणून शक्य तर बंदरावरून घ्या आणि दोन पाण्यांनी धुवा. मांदेली आणि तारली स्वस्त असतात, आकारही सोयीचा, पण नेहमीचं खाणं म्हणून नकोत. मांदेली अँकोव्हीच्या कुळातली आहे. त्या आणि तारलीच्या कुळातल्या बऱ्याच माशांमध्ये थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते जीवनसत्त्व ब१ मोडून टाकतं आणि फ्रीजरमध्येही आपलं काम चालू ठेवतं. तिसऱ्यांचंही तसंच. बांगडा तेलकट: पाण्यावर तवंग येतो आणि स्किमरचा (फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचा) फेस बसतो. आठवड्यातून एकदा घास सेलकॉनसारख्या जीवनसत्त्वाच्या द्रावणात दहा मिनिटं भिजवून द्या. त्यानंतर स्किमर तासभर बिथरतो, त्याकडे लक्ष देऊ नका.

फीडर म्हणून गोल्डफिश देणं हा सगळ्यात वाईट सल्ला आहे आणि दुर्दैवाने सगळ्यात जास्त तोच दिला जातो. गोड्या पाण्यातल्या माशाची चरबी समुद्री शिकाऱ्याला मानवत नाही. यकृतात चरबी साचते, वर थायमिनेज आहेच. मासा वर्षभर गुबगुबीत दिसतो आणि एक दिवस तळाशी आडवा सापडतो. अडलेल्या माशाला पहिले काही दिवस एखादी मॉली दिली तर चालेल, ती खाऱ्या पाण्यात जगते, पण त्यापुढे नाही. फक्त क्रिलवर ठेवलेल्या लायनचे जबडे आखडतात, असं अनुभवी मंडळी सांगतात. कारण काहीही असो, एकाच पदार्थावर मासा ठेवू नये हे खरंच. तोंड मोठं ताणून पुन्हा मिटणं ही मात्र जांभई आहे, आजार नव्हे. उघडलेलं तोंड तासन्‌तास मिटलंच नाही तर काळजी करा.

किती द्यायचं? १० ते १२ सेंमीच्या फझीला एका वेळी एक-एक सेंमीचे दोन किंवा तीन घास, आठवड्यातून तीनदा. पूर्ण वाढ झाली की आठवड्यातून दोनदा पुरे. पाच-सहा सेंमीचं पिल्लू असेल तर दिवसाआड, पण घास मुगाएवढे. हे आकडे वाचून कुणालाही कमी वाटतील, कारण हा मासा काचेपाशी येऊन असा काही बघतो की जणू महिन्याभरात अन्न पाहिलेलं नाही. जेवून अर्धा तास झाला तरी तेच. त्याच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवू नका, पोट बघा. वरून पाहिल्यावर पोटाला आलेली गोलाई दुसऱ्या दिवशी ओसरली पाहिजे. तिसऱ्या दिवशीही फुगलेलं असेल तर पुढचं खाणं रद्द. घास मोठा झाला तर तो रात्री उलटून टाकतो आणि सकाळी दगडामागे अर्धवट पचलेला पांढरा गोळा सापडतो. तो सापडलाच नाही तर अमोनिया वाढतो, म्हणून पोट अचानक सपाट दिसलं की टॉर्च घेऊन शोधा.

एकाच टँकमध्ये बाकीच्यांना आधी, दुसऱ्या टोकाला खायला घाला, मग लायनला दांडी दाखवा. नाहीतर टँग येऊन घास पळवतो. सोबत्यांचा नियम साधा आहे: जे तोंडात मावेल ते जाणार. क्लीनर श्रिम्प, पेपरमिंट श्रिम्प, छोटे गोबी, चिमुकले डॅमसेल यांचा नाद सोडा. उलट ट्रिगर आणि पफर लायनचेच पर कुरतडतात. फॉक्सफेस, टँग, पूर्ण वाढलेला क्लाउनफिश यांच्याबरोबर चांगलं जमतं. डंख मारून मासे पकडणारा कार्पेट अॅनिमोन ठेवू नका. दोन नर फझी कधीच एकत्र नकोत.

रीफच्या दृष्टीने हा मासा महाग पडतो तो नायट्रेट आणि फॉस्फेटमध्ये. मांस खाणारा कुणी नसतो तेव्हाचा स्किमर आता पुरणार नाही. टँकच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. अन्न वितळवलेलं पाणी बेसिनमध्ये ओता, टँकमध्ये नाही. सॉफ्ट कोरल, झोअँथिड आणि मशरूम कोरल या वाढलेल्या खताला चांगलं तोंड देतात, अॅक्रोपोरासारख्या नाजूक, कठीण सांगाड्याच्या प्रवाळांचा हट्ट धरणाऱ्याने वेगळा मासा निवडावा. लायन लेदर कोरलवर जाऊन बसतो आणि कोरल मिटतं, त्यात नुकसान काही नाही. दर काही आठवड्यांनी अंगावरचा पातळ पापुद्रा सुटून पाण्यात तरंगतो, तोही आजार नव्हे. अंगावर साचलेलं शेवाळ आणि परजीवी तो अशा रीतीने झटकतो.

दांडीवर शिकलेल्या माशाचा एक धोका फारसा कुणी सांगत नाही. पाण्यात शिरणारी कुठलीही गोष्ट त्याला जेवण वाटते. स्क्रॅपर घेऊन हात घातला की तो लपत नाही, उलट जवळ येतो. पाठीवरचे तेरा काटे, पोटाखालच्या परांचा एकेक आणि शेपटीजवळच्या खालच्या पराचे तीन विषारी असतात, ऐटबाज पंख्यांमध्ये विष नसतं. साफसफाईआधी त्याला भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात घ्या. जाळं वापरू नका, काटे अडकतात आणि सोडवताना बोट जातं. काटा लागलाच तर बर्फ नको. सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास हात बुडवा. हे विष प्रथिनांचं असल्याने उष्णतेने निष्प्रभ होतं. पाणी किती गरम आहे हे न दुखावलेल्या हाताने तपासा, कारण काटा लागलेल्या हाताला भाजल्याचं कळत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्याच. धाप लागली, चक्कर आली किंवा सूज वर चढू लागली तर थेट रुग्णालय.

उन्हाळ्यात मुंबई आणि कोकणात नुसत्या पंख्याने भागत नाही. दमट हवेत बाष्पीभवनच कमी होतं, तिथे चिलर लागतोच. पुण्या-नाशकाकडे कोरड्या दिवसांत पंखा दोन-तीन अंश उतरवतो. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो आणि नेमकं जेवण पचवताना माशाला तो जास्त लागतो. म्हणून पाणी २८ च्या वर गेलं असेल किंवा वीज जायची शक्यता असेल त्या दिवशी खायला घालू नका. बॅटरीवरचा एअर पंप मात्र तयार ठेवा.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ताजी कोळंबी महागते आणि जुनी माथी मारली जाते. मेअखेरीस दोन महिन्यांचा साठा करा: सोलून, सेंमीभराचे तुकडे करून, एका जेवणाची एक अशा छोट्या पुड्यांमध्ये, हवा काढून, वर तारीख टाकून. तीन महिन्यांपेक्षा जुनी पुडी फेकून द्या. गावाला आठवडाभर जायचं असेल तर मोठ्या फझीला खायला घालायची काहीच सोय करू नका, तो आरामात राहतो. शेजाऱ्याला फक्त टॉप-अपचं (बाष्पीभवनाची भर काढायचं) पाणी आणि चिलरचा आकडा बघायला सांगा, फ्रीजरमधल्या पुड्या कुठे आहेत ते सांगू नका.